गुणसूत्रांची वाटणी कशी दिसली

पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्या केंद्रकातल्या प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते. या दोन प्रतींना अर्धगुणसूत्रे म्हणतात आणि त्या एकमेकींना चिकटून राहतात. पूर्वावस्थेत गुणसूत्रे आखडून जाड होतात. मग केंद्रकाचे आवरण नाहीसे होते आणि दोन ध्रुवांकडून आलेले तुर्कतंतू प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी धरतात. मध्यावस्थेत सगळी गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी एका प्रतलात येतात. पश्चावस्थेत अर्धगुणसूत्रे सुटतात आणि विरुद्ध दिशांना जातात. अंत्यावस्थेत त्यांच्याभोवती दोन नवी केंद्रके उभी राहतात. माणसाच्या पेशीतल्या ४६ गुणसूत्रांची ही वाटणी साधारण तासाभरात उरकते, आणि शाळेच्या पुस्तकात तिचे वर्णन अर्ध्या पानात बसते. ते वर्णन पक्के व्हायला मात्र सव्वाशे वर्षे लागली. त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य एखाद्या विशिष्ट प्राण्यामुळे किंवा वनस्पतीमुळे आणि पेशी तयार करण्याच्या एखाद्या नव्या रीतीमुळे लिहिता आले. हा इतिहास जितका कल्पनांचा आहे तितकाच हस्तकौशल्याचाही आहे.

१८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी सर्व सजीव पेशींचे बनलेले असल्याचे मांडले. पण नव्या पेशी कुठून येतात, याचे त्यांचे उत्तर चुकीचे होते. मिठाचे खडे पाण्यात साकळतात तशा त्या द्रवातून आपोआप घडतात, असे त्यांना वाटत होते. रॉबर्ट रेमाक यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या रक्तपेशी दुभंगताना पाहिल्या आणि १८५२ मध्ये ठामपणे सांगितले की पेशी फक्त पेशीपासूनच निर्माण होते. रुडोल्फ विरखो यांनी १८५५ नंतर या विधानाचा एवढा प्रसार केला की त्याचे श्रेयही त्यांच्याच नावावर गेले. तरी केंद्रकाचे कोडे तसेच उरले. विभाजन सुरू झाले की केंद्रक दिसेनासे होई आणि शेवटी दोन नवी केंद्रके दिसत. मधल्या काळात काय घडते ते कळायला मार्ग नव्हता, कारण जिवंत पेशी जवळपास पारदर्शक असते. जुने केंद्रक विरघळते आणि नवी केंद्रके स्वतंत्रपणे घडतात, हे तेव्हाचे मत डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीशी प्रामाणिकच होते.

हा अडसर कापडाच्या धंद्याने दूर केला. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये डांबरापासून जांभळा रंग काढला. पुढच्या वीस वर्षांत जर्मन कारखान्यांतून अशा कृत्रिम रंगांची रीघ लागली, आणि सुतासाठी व रेशमासाठी बनवलेले हे रंग प्रयोगशाळांत पोहोचले. त्यांतले काही केंद्रकातल्या द्रव्याला घट्ट चिकटत आणि बाकीच्या पेशीला जेमतेम लागत. त्याच काळात पेशी आहे त्या स्थितीत क्षणात मारून टिकवण्याची, म्हणजे स्थिरीकरणाची, रसायने सुधारली. क्रोमिक आम्ल आणि ऑस्मिक आम्ल यांची मिश्रणे त्यांत मुख्य होती. १८७८ च्या सुमारास एर्न्स्ट आबे यांच्या गणितावर येना इथल्या त्साइस कारखान्याने तेलात बुडवून वापरायची भिंगे बाजारात आणली. रंग, रसायने आणि भिंगे यांचा असा मेळ पूर्वी कधी बसला नव्हता. पण त्याच्यासोबत एक शंकाही आली: दिसते ते पेशीतले खरे रूप, की रसायनाने घडवलेले? पुढची ऐंशी वर्षे ही शंका या शास्त्राचा पिच्छा पुरवत राहिली.

१८७३ मध्ये आंटोन श्नायडर यांनी एका चपट्या कृमीच्या अंड्यात केंद्रकाच्या जागी वळलेल्या धाग्यांचा पुंजका काढून दाखवला. दोन-तीन वर्षांत ब्युचली यांनी प्राण्यांमध्ये आणि स्ट्रासबुर्गर यांनी वनस्पतींमध्ये तशीच चित्रे दिली. केंद्रक विरघळत नाही, त्याचे धागे होतात, एवढे त्यातून कळले. धाग्यांचे पुढे काय होते याबद्दल मात्र प्रत्येकाचे वर्णन वेगळे होते.

त्या गोंधळात क्रम लावला वाल्थर फ्लेमिंग यांनी. (पेनिसिलिनचे फ्लेमिंग वेगळे, ते पुढच्या पिढीतले स्कॉटिश शास्त्रज्ञ.) वाल्थर फ्लेमिंग १८७६ पासून बाल्टिक समुद्रावरच्या कील शहरात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या अळ्या निवडल्या आणि त्या निवडीतच निम्मे यश होते. सॅलॅमँडरच्या पेशी इतर बहुतेक कणाधारी प्राण्यांच्या पेशींहून कितीतरी मोठ्या असतात आणि त्यांचे धागेही लांब व जाड असतात. अळीच्या शेपटीची झालर इतकी पातळ असते की जिवंतपणीच ती सूक्ष्मदर्शकाखाली धरता येते.

या शेवटच्या गुणाचा फ्लेमिंग यांनी केलेला उपयोग त्यांच्या कामाचा गाभा म्हणावा लागेल. रंगवलेल्या काचपट्टीवर शेकडो पेशी असतात, पण प्रत्येक पेशी एकाच क्षणी गोठलेली असते. कोणता क्षण आधीचा आणि कोणता नंतरचा, हे काचपट्टी सांगत नाही. पुष्कळ संशोधकांनी अशी चित्रे अंदाजाने लावली आणि ती उलटसुलट झाली. फ्लेमिंग आधी जिवंत अळीच्या शेपटीतली एकच पेशी तासन्‌तास पाहत, तिच्या अंधूक आकृत्यांचा क्रम टिपून ठेवत, आणि मग रंगवलेल्या पेशी त्या क्रमात बसवत. रसायनांनी आकृती बिघडवली का, याचीही त्यातून पडताळणी होई. १८८२ मध्ये त्यांचा पेशीद्रव्य, केंद्रक आणि पेशीविभाजन यांवरचा ग्रंथ आला. त्यातली हाताने काढलेली चित्रे आजच्या छायाचित्रांशेजारी ठेवली तरी कमी पडत नाहीत.

फ्लेमिंग यांचे सर्वांत मोठे निरीक्षण १८७९-८० मधले आहे. विभाजनाच्या वेळी प्रत्येक धागा आडवा तुटत नाही, तो लांबीने उभा चिरलेला असतो आणि दोन समांतर धागे शेजारीशेजारी दिसतात. या एका गोष्टीत वाटणीचे सगळे मर्म होते. आनुवंशिकतेशी तिचा संबंध मात्र फ्लेमिंग यांनी जोडला नाही. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरचा निबंध १८६६ मध्येच छापून झाला होता, पण तो कोणाच्या गणतीत नव्हता. ते दोन धागे नक्की विरुद्ध दिशांना जातात का, हेही फ्लेमिंग यांना निर्विवादपणे दाखवता आले नाही.

त्यासाठी याहून कमी धाग्यांची पेशी हवी होती. ती बेल्जियममधल्या लिएजच्या एदुआर्द व्हान बेनेडन यांना घोड्याच्या आतड्यातल्या जंतात सापडली. कत्तलखान्यातून हे जंत हवे तेवढे मिळत. मादीच्या लांब गर्भनलिकेत अंडी वाढीच्या क्रमाने ओळीने असतात, त्यामुळे फ्लेमिंग यांना कष्टाने लावावा लागलेला क्रम इथे बराचसा आयता मिळे. फलित अंड्यात धागे मोजून चार. व्हान बेनेडन यांनी १८८३ मध्ये दाखवले की या चारांपैकी दोन अंड्याच्या केंद्रकातून येतात आणि दोन शुक्राणूच्या. ते एकमेकांत मिसळत नाहीत, प्रत्येक धागा उभा चिरतो आणि त्याचा एकेक अर्धा भाग प्रत्येक नव्या पेशीत जातो. आई आणि बाप यांचा वाटा सारखा असतो, ही गोष्ट प्रथमच मोजून सिद्ध झाली, तीही एका परजीवी कृमीत.

त्याच वर्षी विल्हेल्म रू यांनी एक लहान निबंध लिहिला. त्यात एकही नवे निरीक्षण नाही, तरी या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. रू यांनी विचारले की केंद्रकातले द्रव्य सगळीकडे सारखेच असेल तर पेशीने इतका खटाटोप का करावा? केंद्रक मधोमध चिमटून दोन तुकडे केले तरी चालले असते. द्रव्य लांब धाग्यात ओवणे, धागा उभा चिरणे आणि प्रत्येक अर्धा भाग वेगवेगळ्या बाजूला पोहोचवणे, एवढा खर्च तेव्हाच योग्य ठरतो जेव्हा धाग्याच्या लांबीवर ठिकठिकाणी वेगवेगळे गुण साठवलेले असतात आणि त्यांतला प्रत्येक गुण दोन्ही पेशींना मिळायलाच हवा असतो. रू यांचे स्वतःचे मत पुढे भरकटले, पण हा युक्तिवाद टिकला.

त्यातून लगेच दुसरी अडचण उभी राहिली. अंडे आणि शुक्राणू दोघेही पूर्ण संख्या घेऊन आले, तर प्रत्येक पिढीत गुणसूत्रे दुप्पट होत जातील. फ्रायबुर्गचे ऑगुस्ट वाइसमान यांची दृष्टी अधू झाल्यामुळे सूक्ष्मदर्शकाचे काम सुटत चालले होते. त्यांनी १८८७ मध्ये निव्वळ विचाराने सांगितले की प्रजननपेशी तयार होताना एक असे विभाजन झालेच पाहिजे ज्यात संख्या निम्मी होते. थोड्याच वर्षांत जंताच्या अंड्यांमध्ये आणि शुक्रपेशींमध्ये ते प्रत्यक्ष दिसले. यालाच आज अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. त्यात गुणसूत्रांची प्रत एकदाच तयार होते, पण विभाजने दोन होतात. पहिल्यात आईकडून आणि वडिलांकडून आलेली समजात गुणसूत्रे जोडीने जवळ येऊन वेगळी होतात, दुसऱ्यात अर्धगुणसूत्रे. जोडी जमते ती कुणाकुणाची, हे नीट उलगडायला पुढची वीस वर्षे वादात गेली. दरम्यान १८८८ मध्ये वाल्डायर यांनी या धाग्यांना क्रोमोसोम हे नाव दिले आणि तेच जगभर रूढ झाले.

या शास्त्रातला सर्वांत देखणा प्रयोग मात्र थिओडोर बोव्हेरी यांचा आहे. म्युनिकमध्ये असताना त्यांनी जंताच्या अंड्यांवरच दाखवले होते की दोन विभाजनांच्या मधल्या काळात गुणसूत्रे दिसेनाशी झाली तरी मोडत नाहीत. ती ज्या मांडणीत केंद्रकात शिरतात, पुढच्या विभाजनाच्या वेळी जवळपास त्याच मांडणीत बाहेर येतात. म्हणजे प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचे सलग अस्तित्व आहे. मग प्रत्येकाचे कामही वेगळे आहे का? सूक्ष्मदर्शकातून नुसते पाहून याचे उत्तर मिळणे अशक्य होते, कारण सर्व गुणसूत्रे पाहायला जवळजवळ सारखीच.

उत्तर मिळाले ते इटलीत, नेपल्सच्या समुद्रकाठी. आंटोन डोर्न यांनी १८७० च्या दशकात तिथे प्राणिशास्त्रीय केंद्र स्थापन केले होते. वेगवेगळ्या देशांची विद्यापीठे आणि सरकारे भाडे भरून तिथे एकेक टेबल राखून ठेवत, आणि त्या टेबलावर काम करणाऱ्याला रोज ताजे समुद्री जीव मिळत. बोव्हेरी आणि त्यांच्या पत्नी मार्सेला, ज्या स्वतः अमेरिकेत शिकलेल्या जीवशास्त्रज्ञ होत्या, तिथे सागरी अर्चिनच्या अंड्यांवर काम करत. शुक्राणूंची संख्या वाढवली तर काही अंड्यांत एकाऐवजी दोन शुक्राणू शिरतात. प्रत्येक शुक्राणू ध्रुव घडवणारे आपले तारककेंद्र आणतो, ते दुप्पट होते आणि अंड्यात दोनाऐवजी चार ध्रुव तयार होतात. गुणसूत्रांचे तीन संच या चार ध्रुवांमध्ये जसे सापडतील तसे वाटले जातात आणि अंडे एकदम चार पेशींत फुटते. अशा अंड्यांपासून धडधाकट अळी जवळजवळ कधीच होत नाही.

ही बिघडलेली वाढ केवळ गुणसूत्रे जास्त झाल्यामुळे, की वाटणी विस्कटल्यामुळे? बोव्हेरींनी ते वेगळे करून दाखवले. दुहेरी फलित झालेली काही अंडी लगेच हलवली तर चाराऐवजी तीनच ध्रुव होतात. गुणसूत्रे तेवढीच, पण ती तिघांत वाटायची असल्यामुळे प्रत्येक पेशीला पूर्ण संच मिळण्याची शक्यता बरीच वाढते. अशा अंड्यांतून धडक्या अळ्या निघण्याचे प्रमाणही तसेच वाढले. चार पेशी सुट्या करून वाढवल्यावर चौघींची वाढ वेगवेगळ्या टप्प्यावर आणि वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडली. गुणसूत्रांची एकूण संख्या महत्त्वाची नसून प्रत्येक प्रकारचे निदान एक गुणसूत्र असणे महत्त्वाचे आहे, हा निष्कर्ष त्यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केला. एकाही गुणसूत्राला हात न लावता, फक्त वाटणी बिघडवून आणि परिणाम मोजून हे सिद्ध झाले होते. १९१४ मध्ये, मृत्यूच्या वर्षभर आधी, बोव्हेरींनी याच धाग्याने आणखी पुढे जाऊन लिहिले की कर्करोगाची सुरुवात चुकीच्या वाटणीतून झालेल्या पेशीत असू शकते. त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद मार्सेला बोव्हेरी यांनी १९२९ मध्ये केला. त्यातल्या मताला पुरावा मिळायला मात्र १९६० साल उजाडले, जेव्हा फिलाडेल्फियात एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत ठरावीक बिघडलेले गुणसूत्र सापडले.

बोव्हेरी नेपल्समध्ये होते तेव्हाच अमेरिकेत वॉल्टर सटन विद्यार्थी म्हणून नाकतोड्याच्या शुक्रपेशी पाहत होते. कॅन्ससच्या शेतातला तो मोठा नाकतोडा त्यांनी निवडला कारण त्याच्या गुणसूत्रांचे आकार लहानमोठे आहेत आणि त्या आकारांच्या बरोबर जोड्या लागतात. १९०० मध्ये मेंडेल यांचे नियम पुन्हा उजेडात आले होते. सटन यांनी १९०२ आणि १९०३ च्या दोन निबंधांत दाखवले की जोडीतली गुणसूत्रे प्रजननपेशीत वेगळी होतात ती अगदी मेंडेल यांनी कल्पिलेल्या आनुवंशिक घटकांसारखी. प्रत्येक जोडी आपली दिशा इतर जोड्यांची पर्वा न करता निवडत असेल, तर वेगवेगळ्या गुणांचे स्वतंत्र मिश्रणही समजते. यानंतर सटन यांनी वैद्यकाची वाट धरली, ते शल्यचिकित्सक झाले आणि १९१६ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, आंत्रपुच्छ फुटून वारले.

हे सारे अजून साम्यावर उभे होते. एखादा ठरावीक गुण एखाद्या ठरावीक गुणसूत्रासोबत जातो, हे दाखवायचे बाकी होते. १९०५ मध्ये ब्रिन मॉर महाविद्यालयातल्या नेटी स्टीव्हन्स यांनी पिठात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी तपासल्या. मादीत वीस मोठी गुणसूत्रे, नरात एकोणीस मोठी आणि एक लहान. निम्म्या शुक्राणूंना ते लहान गुणसूत्र मिळते, निम्म्यांना मोठे, आणि त्यावरून पिल्लाचे लिंग ठरते. स्टीव्हन्स यांनी बोव्हेरींकडेही काम केले होते. १९१२ मध्ये त्या वारल्या. पाठ्यपुस्तकांनी त्यांचे नाव दीर्घकाळ एडमंड विल्सन यांच्या मागे ठेवले. विल्सन यांनी त्याच वर्षी तशीच निरीक्षणे दिली होती हे खरे, पण लिंगनिश्चितीचा निष्कर्ष अधिक स्पष्टपणे मांडला तो स्टीव्हन्स यांनी.

शेवटचा पुरावा चुकीच्या वाटणीतूनच आला. थॉमस मॉर्गन यांच्या कोलंबिया विद्यापीठातल्या फळमाश्यांच्या खोलीत कॅल्व्हिन ब्रिजेस यांना एक विचित्र गोष्ट सतत भेटत होती. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांच्या मुली लाल डोळ्यांच्या आणि मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे व्हायला हवेत, कारण डोळ्याचा रंग एक्स या लिंगगुणसूत्रावर असतो. तरी अधूनमधून पांढऱ्या डोळ्यांची मुलगी निघे. ब्रिजेस यांनी तर्क केला की अशा मुलीच्या आईच्या अंड्यात दोन्ही एक्स गुणसूत्रे वेगळी न होता एकत्रच राहिली असणार, म्हणून मुलीत दोन एक्स आईचे आणि वाय वडिलांचे. मग त्यांनी त्याच माश्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि तिथे दोन एक्स व एक वाय खरोखर सापडले. गुणाच्या वर्तनावरून गुणसूत्रांची संख्या आधी सांगता येते, हे १९१६ च्या या निबंधाने दाखवल्यावर विरोधकांच्या हाती फारसे काही उरले नाही.

माश्या, नाकतोडे आणि जंत यांची गुणसूत्रे मोजून झाली, माणसाची मात्र चुकत राहिली. १९१२ मध्ये बेल्जियमचे विनिवार्टर यांनी पुरुषात ४७ आणि स्त्रीत ४८ असा आकडा दिला. १९२३ मध्ये टेक्ससचे थिओफिलस पेंटर यांनी दोघांतही ४८ असे ठरवले, आणि तीस वर्षांहून अधिक काळ प्रत्येक पुस्तकात तोच आकडा छापला गेला. पेंटर हलगर्जी नव्हते. सुरुवातीला आकडा ४६ की ४८, अशी शंका त्यांनाही होती. दोष पद्धतीचा होता. ऊतक मेणात बसवून त्याचे पातळ काप काढले जात. कापात पेशी छेदली जाई, गुणसूत्रे एकमेकांवर पडत आणि गर्दीत कोणते कुठे संपते ते कळत नसे.

सुधारणा तीन बाजूंनी आली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पेशी कापण्याऐवजी रंगात बुडवून काचेखाली चेपण्याची रीत रुळवली. कांद्याच्या मुळाचे टोक याच रीतीने चेपून महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आजही विद्यार्थी पेशीविभाजन पाहतात. कोल्चिसिन हे एका कंदवर्गी वनस्पतीतले विष तुर्कतंतू बनू देत नाही, म्हणून पेशी मध्यावस्थेतच अडकतात आणि मोजण्याजोग्या पेशींची संख्या वाढते. तिसरी युक्ती अपघाताने सापडली. १९५२ मध्ये टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन इथे टी. सी. श्यू यांच्या पेशी नेहमीपेक्षा कमी खारट द्रावणात धुतल्या गेल्या. पाणी आत शिरून पेशी फुगल्या आणि गुणसूत्रे सुटी पसरली. असे का झाले ते शोधून काढायला श्यू यांना काही महिने लागले.

या तिन्ही युक्त्या एकत्र आल्या स्वीडनमधल्या लुंड इथे. जावा बेटावर जन्मलेले जो हिन चिओ तिथे अल्बर्ट लेवान यांच्या प्रयोगशाळेत पाहुणे म्हणून काम करत. डिसेंबर १९५५ मध्ये मानवी भ्रूणाच्या फुफ्फुसातल्या पेशींत त्यांना पुन्हापुन्हा ४६ गुणसूत्रे मोजता आली. १९५६ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात एक उल्लेख डोळ्यांत भरणारा आहे. आदल्याच वसंतात काही सहकाऱ्यांनी भ्रूणाच्या यकृतातल्या पेशी तपासल्या होत्या, पण ४८ गुणसूत्रे काही केल्या सापडेनात म्हणून ते काम त्यांनी सोडून दिले होते. त्यांना दिसत होती ४६.

आकडा पक्का झाल्यावर चुकलेली वाटणी माणसात ओळखता येऊ लागली. पॅरिसमध्ये मार्थ गोतिए यांनी बॉस्टनला शिकलेले पेशीसंवर्धन स्वतः उभे केले, आणि त्या पेशींतून डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये ४७ वे गुणसूत्र दिसले. १९५९ च्या निबंधावर जेरोम लेज्यून, गोतिए आणि रेमाँ त्युर्पँ यांची नावे आहेत. श्रेय मात्र बहुतेक लेज्यून यांना मिळाले आणि गोतिए यांच्या वाट्याला ते उतारवयात आले.

याच रीतींनी प्राण्यांची मोजणी सुरू झाली तेव्हा १९७० मध्ये एक थक्क करणारा आकडा पुढे आला. सह्याद्रीच्या रानात कुत्र्यासारखे भुंकणारे भेकर सगळ्यांच्या ओळखीचे. त्याच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात, म्हणजे ज्ञात सस्तन प्राण्यांत सर्वांत कमी. त्याच्याच जवळच्या चिनी जातीत ४६ आहेत. आनुवंशिक द्रव्य कमी झालेले नाही, अनेक गुणसूत्रे टोकाला टोक जुळून मोठी झाली आहेत. अशी थोडी आणि अवाढव्य गुणसूत्रे पाहायला सोपी, म्हणून भेकराच्या संवर्धित पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाटणी चित्रित करण्यासाठी वापरल्या जातात.

गुणसूत्रे कोण ओढते, हा प्रश्न मात्र बराच मागे पडला होता. फ्लेमिंग यांच्या काळापासून तुर्कतंतू काढले जात, पण ते फक्त मारलेल्या पेशींत दिसत. रसायनाने गोठलेल्या द्रव्यातल्या त्या नुसत्या रेघा आहेत, असे मानणारे अनेक नामवंत होते. शिन्या इनोउए यांनी ध्रुवित प्रकाशावर चालणारा अतिसंवेदनशील सूक्ष्मदर्शक स्वतः बांधला. १९५३ मध्ये त्यांनी समुद्री कृमीच्या अंड्यात आणि लिलीच्या परागपेशीत तुर्कतंतू दाखवले, तेही जिवंत पेशीत. पेशी थंड केली की तंतू नाहीसे होत, पुन्हा ऊब दिली की काही मिनिटांत परत येत. यावरून इनोउए यांनी असे अनुमान केले की तंतू म्हणजे पक्के दोर नव्हेत. ते सुट्या घटकांपासून सतत बनतात आणि मोडतात, आणि मोडता मोडता गुणसूत्राला ओढतात. १९६३ पासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हे तंतू पोकळ सूक्ष्मनलिकांचे असल्याचे दिसू लागले. गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी १९६७ मध्ये कोल्चिसिन ज्याला चिकटते ते प्रथिन पकडले. तेच ट्युब्युलिन, नलिकांची वीट. मोजणीसाठी वापरलेले विष अशा रीतीने यंत्राचा सुटा भाग दाखवून गेले. गुणसूत्रे साधारण मिनिटाला एक मायक्रोमीटर या संथ गतीने सरकतात. त्यांना धरणाऱ्या टोकाशीच नलिका झिजत जाते हे पुढच्या दोन दशकांत स्पष्ट झाले.

वाटणी अचूक का होते, याचे उत्तर पुन्हा नाकतोड्याने दिले. ब्रूस निकलस अतिसूक्ष्म सुईने नाकतोड्याच्या जिवंत पेशीतले एकेक गुणसूत्र हलवत. १९६९ च्या प्रयोगांत त्यांना दिसले की जोडीतली दोन्ही गुणसूत्रे चुकून एकाच ध्रुवाला बांधली गेली तर ती पकड टिकत नाही, ती सुटून पुन्हा नव्याने बांधली जाते. पण त्या चुकीच्या जोडीला सुईने उलट्या बाजूला ताण दिला की चुकीची पकडही टिकते. म्हणजे पेशीला बरोबर आणि चूक ओळखण्यासाठी नकाशा लागत नाही. दोन्हीकडून ओढ बसली की ताण निर्माण होतो, आणि ताण असलेली पकड तेवढी राखली जाते. १९९१ मध्ये यीस्टमध्ये अशी जनुके सापडली जी एकही गुणसूत्र बांधायचे राहिले असेल तर पुढचे पाऊल रोखून धरतात.

ते पुढचे पाऊल म्हणजे अर्धगुणसूत्रांची सुटका. १९९७ मध्ये व्हिएन्नात किम नेस्मिथ आणि बाल्टिमोरमध्ये डग्लस कॉशलँड यांच्या गटांनी अर्धगुणसूत्रांना एकत्र बांधणारे प्रथिनसंकुल शोधले. त्याला कोहेसिन म्हणतात आणि त्याचा आकार कड्यासारखा आहे. सगळी गुणसूत्रे दोन्हीकडून बांधली गेली की रोखणारा इशारा थांबतो, सेपरेझ हे विकर मोकळे होते आणि कोहेसिनचे कडे तोडते. नेस्मिथ यांच्या गटातल्या फ्रँक उलमान यांनी १९९९ मध्ये हे तोडणे दाखवले. फ्लेमिंग यांनी उभे चिरलेले धागे पाहिले त्याला तेव्हा १२० वर्षे झाली होती. अर्धगुणसूत्री विभाजनात हेच कडे दोन हप्त्यांत तुटते. आधी गुणसूत्राच्या भुजांवरचे तुटते, तेव्हा समजात गुणसूत्रे वेगळी होतात. गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे तुर्कतंतू जिथे पकड घेतात तिथे, असलेले एका संरक्षक प्रथिनामुळे दुसऱ्या विभाजनापर्यंत शाबूत राहते.

स्त्रीच्या शरीरात या दोन हप्त्यांमधले अंतर फार मोठे असते. बीजांडपेशी ती स्वतः आईच्या गर्भात असतानाच पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत शिरतात आणि तिथेच थांबतात. एखादी पंधराव्या वर्षी पुढे सरकते, एखादी चाळिसाव्या. लायोनेल पेनरोज यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की डाउन सिंड्रोमचा संबंध आईच्या वयाशी आहे, वडिलांच्या वयाशी नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसते की बीजांडपेशीतले कोहेसिन जन्मापूर्वी एकदा बसवले जाते आणि नंतर त्याची फारशी भर पडत नाही. वय वाढते तसे ते कमी होत जाते आणि गुणसूत्रांच्या जोड्या वेळेआधी सैल पडू लागतात. मानवी बीजांडपेशींतही वयासोबत अशी सैल झालेली अर्धगुणसूत्रे आढळली आहेत.